चमच्यावरचं नाव

म्युनिकमध्ये घर कसं मिळवायचं, ते मला विचारा! लोक पगाराच्या स्लिपा दाखवतात. मी घरमालकाचा छंद ओळखला. हेर (म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) लोरेंझ अमेरिकेतल्या जुन्या सोनारांनी घडवलेले चांदीचे चमचे जमवतात. घर पाहायला गेलो तेव्हा मीही ठोकून दिलं, की मलासुद्धा अगदी हेच वेड आहे. म्हातारबुवा इतके खूश झाले, की बॉस्टनचा दोनशे वर्षांचा एक चमचा त्यांनी अभ्यासाला म्हणून माझ्या हाती ठेवला. रविवारी घेऊन या, मग घराचं बोलू, म्हणाले.

आमचं जुनं घर महिनाअखेर सोडायचं होतं आणि पुण्याहून सासूबाई आलेल्या. मी बायकोला बजावलं, "मैथिली, हा चमचा रविवारी हेर लोरेंझना द्यायचाय, नीट ठेव." शेजारी सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांना वाटलं, जावई घरमालकाला भेट देतोय.

आणि भेटीचं भांडं नावाशिवाय घराबाहेर कसं पडणार? ऊ-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनात चाव्या करून देणारा नावंही कोरतो, हे त्यांनी खाणाखुणांनी शोधून काढलं.

रविवारी आम्ही तिघं हेर लोरेंझकडे गेलो आणि सगळ्यांसमोर मी चमच्यावरचं कापड उलगडलं. दांड्यावर टपोरी रोमन अक्षरं होती: 'हेर लोरेंझ यांस सप्रेम. अहिल्या मिराशी, पुणे.' घर गेलं, हे उघड होतं.

"आई, हे काय केलंत?"

"नाव नको? आधीच जुना चमचा देताय, वर दुसऱ्याच कुणाची अक्षरं. मी बोलले का काही?"

"निदान माझं तरी घालायचंत."

"मोठं माणूस घरात असताना जावयाचं नाव घालत नाहीत, जयंतराव."

मैथिलीने रडवेली होऊन हे सगळं जर्मनमध्ये सांगितलं. हेर लोरेंझनी भिंग लावलं.

"ही अक्षरं पहिल्या मालकिणीची," ते म्हणाले. "ही तिच्या मुलीची. आल्झो, तर मग आता ही तिसरी."

मग त्यांनी सासूबाईंना उरलेले सगळे चमचे दाखवले. मला कुणी बोलावलं नाही.

घर मिळालं. बेलवरची पाटी हेर लोरेंझनी हौसेने त्याच चावीवाल्याकडून कोरून आणली: 'अहिल्या मिराशी'. रीत समजली, म्हणाले.

सासूबाई कधीच पुण्याला परतल्या. इथे बेलवर नाव नसेल तर पोस्टमन थांबत नाही. माझी पार्सलं अजून परत जातात.