आतून काढून आणतो

लग्न ठरताना मुलाकडच्यांनी फक्त दोन शब्द गिळले होते. मुलगा औषधांच्या इतिहासाच्या संग्रहालयात नोकरीला होता. 'औषधांत आहे' एवढंच सांगितलं गेलं आणि मुलानेही मान डोलावली. प्रत्यक्षात जुन्या काळच्या दुकानासारख्या मांडलेल्या दालनात बरण्या पुसायच्या आणि कुणालाही त्यांना हात लावू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम.

लग्नानंतर महिनाभरात सासरे खोकत खोकत थेट त्या दालनात आले. भिंतभर बरण्या, पितळी तराजू आणि लाकडी फळीमागे पांढऱ्या कोटातले जावईबापू. सासऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. खरं सांगायची हीच वेळ होती, पण त्याने मुकाट चिठ्ठी घेतली.

"बसा बाबा," तो म्हणाला, "आतून काढून आणतो."

आत म्हणजे मागचं दार, गल्ली आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. धापा टाकत तो बाटली घेऊन परतला. सासऱ्यांचा खोकला थांबला आणि तिथेच घात झाला. पुढच्या आठवड्यात ते गुडघे धरलेल्या बहिणीला घेऊन आले, मग शेजारच्या मास्तरांना. संग्रहालय पाहायला आलेल्यांना वाटलं, हे मुद्दाम करून दाखवताहेत. ते फोटो काढू लागले, एका बाईंनी टाळ्याही वाजवल्या. साहेबांनी बोलावलं तेव्हा नोकरी गेलीच असं त्याने धरलं होतं. पण साहेबांनी पाठ थोपटून हा कार्यक्रम रोज अकराला ठेवायला सांगितलं. जितकं कौतुक होई तितका तो आक्रसून जाई. बाबा तुमचं नाव घेताना थकत नाहीत, असं बायको जेवताना म्हणाली की तो पाणी आणायला उठे.

एका सकाळी सासरे एकटेच आले. त्याने खालमानेने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. सासऱ्यांनी पिशवीतून बाटली काढून फळीवर ठेवली.

"कोपऱ्यावरून येतानाच घेतली. तुमची पळापळ नको."

त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. केव्हा कळलं, असं त्याने कसंबसं विचारलं.

"पहिल्याच दिवशी. दारात तिकीट काढावं लागलं ना."

तिकीटखिडकी त्याच्या डोक्यातच आली नव्हती. मग बाकीच्यांना कशाला आणलंत, असं त्याने विचारलं.

आता सासरेच बरण्यांकडे बघू लागले. "त्यांना मी साखरपुड्यातच सांगून बसलोय, जावयाचं औषधांचं मोठं दुकान आहे म्हणून. दर वेळी सगळ्यांची तिकिटं मी आधीच काढून ठेवतो." मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "उद्या आणखी दोघं येताहेत. जमेल ना?"