वाहकमुक्त गाव

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात थॅलेसेमियाची एक वाहक आढळून आली, ही बाब ग्रामपंचायतीने अत्यंत गांभीर्याने घेतली. कॉलेजातल्या बासष्ट मुलामुलींचं रक्त तपासलं होतं. एकसष्ट निर्दोष निघाली. बासष्टावी अकरावीतली सृष्टी.

दिपाली सिस्टरांनी समजावलं, "तिला काहीही झालेलं नाही. फक्त पुढे नवराही वाहक निघाला, तर मुलाला जन्मभर रक्त चढवायची वेळ येऊ शकते. लग्नाआधी नवऱ्या मुलाची तपासणी करा, एवढंच."

"पर 'वाहकमुक्त गाव' असा बोर्ड रंगवून झालाय की!" सरपंच मच्छिंद्रभाऊ कळवळून म्हणाले.

ग्रामसभा भरली. गावाच्या हद्दीत एकही वाहक राहणार नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला. ठरावाने रक्त बदलत नाही, असं सिस्टरांनी सांगितल्यावर पत्ता बदलायचं ठरलं. सृष्टीची नोंद मामाच्या गावी झाली. सृष्टी स्वतः घरीच होती, रोज बोर्डाखालून कॉलेजला जायची.

पण मामाच्या गावानेही बोर्ड रंगवला होता. त्यांनी तिला मावशीच्या गावी पाठवलं, मावशीच्या गावाने आत्याच्या. पोरगी कागदोपत्री वर्षभर पाहुणचार घेत फिरली आणि शेवटी कुठल्याच यादीत उरली नाही. आम्ही बोर्डाला हार घातला.

पाच वर्षांनी मच्छिंद्रभाऊंनीच तिच्यासाठी स्थळ आणलं. मुलगा अवधूत, पुण्यात नोकरी. पत्रिका जुळली, पोहे झाले.

"मी वाहक हाय," सृष्टी सगळ्यांदेखत म्हणाली. "तुमी रक्त तपासून घ्या, मग पुढचं बोलू."

मच्छिंद्रभाऊंना ठसका लागला. अवधूतचे वडील मात्र हसले. "त्याची काय गरज न्हाई. आमचं गाव वाहकमुक्त हाय."

"आमचंबी हाय," सृष्टी म्हणाली. "तरी मी हितं बसलेय ना?"

अवधूत शर्टाची बाही वर सारू लागला होता. आईने ती खाली ओढली. पाहुणे 'कळवतो' म्हणून उठले. त्याला आता आठ महिने झाले.

सृष्टीचं मला मनापासून कौतुक वाटतं. गावात सगळ्यांनाच वाटतं. आमचा हर्षल लग्नाचा आहे, पण त्याचं आम्ही यंदा करणार नाही.

वाचताना तुम्हालाही तिचं कौतुक वाटलंच असेल. तुमच्याकडे लग्नाचा मुलगा आहे ना? तिच्या वडिलांचा नंबर देऊ?