हेमांगी बारटक्के, दोन नग

हेमांगी बारटक्के अपंग की वेगळी, दोहोंपैकी एक काय ते कळवा, अशी कचेरीतून विचारणा आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन झाली.

कणेरवाडीत याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. कचेरीनं दोहोंतलं एक विचारलं की माणूस दुभंगतं, हे गावाला ठाऊक होतं. मागे पोस्टातल्या काळ्यांना ‘बदली की राजीनामा’ असं विचारलं, तेव्हा तेही महिनाभर जोडीनं हिंडत होते. मग एका काळ्यांना रद्द केलं. उरलेले काळे बरे आहेत, पण पूर्वीसारखे हसत नाहीत.

हेमांगीच्या आईनं, कुंदानं, खोलीत डोकावून पाहिलं. खाटेवर दोन हेमांगी बसल्या होत्या.

“झालं! एकीची वेणी घालताना नाकी नऊ येत होते,” ती म्हणाली आणि दुसरा कंगवा शोधायला गेली.

हेमांगी स्वमग्न होती. बावीस वर्षांची ही पोर गल्लीतली प्रत्येक स्कूटर आवाजावरून ओळखायची, भाकरीची फक्त कड खायची, आणि आवाज फार झाला की भिंतीवर डोकं आपटायची. मग कुंदा तिला पाठीमागून गच्च धरून बसायची. नवरा वापीला नोकरीला. दिवाळीला यायचा, लेकीचं कौतुक करायचा नि जायचा.

कुंदाला वाटलं होतं, आता एक स्कूटरी ओळखेल आणि दुसरी डोकं आपटेल. कसलं काय! दोघीही दोन्ही करत होत्या.

सुनावणीला तिघी कचेरीत गेल्या. लिपिक थोरवे यांनी चष्मा वर केला.

“दोन नग. एक वेगळेपण समितीपुढे, एक अपंगत्व समितीपुढे. निकाल लागला की उरलेला रद्द.”

“नग काय म्हणता हो? लेक आहे माझी.”

“ताई, लेक दोनदा आहे. म्हणून मोजायला नग.”

दोन्ही समित्या एकाच दालनात बसल्या होत्या. खिडकीजवळची खुर्ची एकच होती आणि ती दोघींनाही हवी होती, म्हणून त्या आळीपाळीनं जागा बदलत राहिल्या. समित्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

वेगळेपण समितीच्या अध्यक्षबाई प्रसन्न होत्या. “हिच्यात काहीच कमी नाही. बदलायचं ते जगानं.”

“बदलू दे की,” कुंदा म्हणाली. “पण तोवर हिला आंघोळ कोण घालणार? मी मेल्यावर कोण घालणार?”

“हा प्रश्न आमच्या समितीकडे येत नाही.”

तो ज्यांच्याकडे येत होता, ते अपंगत्व समितीचे अध्यक्ष दयाळू होते. मदतनीस मिळेल म्हणाले, पासही मिळेल.

“साहेब, ही आवाजावरून गाड्या ओळखते.”

“लक्षण आहे.”

“नकला करते. माझीसुद्धा करते, हुबेहूब.”

“तेही लक्षणच,” ते हळुवारपणे म्हणाले.

समित्यांचं एकमत झालं नाही. तेव्हा नियमाप्रमाणे निर्णय आईवर आला. थोरव्यांनी कागद पुढे सरकवला. “ज्या नगाला रद्द करायचं, त्यावर सही.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! कुंदानं वळून पाहिलं. दालनातला पंखा करकरत होता. एक हेमांगी कान दाबून भिंतीकडे निघाली होती आणि दुसरीनं तिला पाठीमागून गच्च धरलं होतं, कुंदा धरायची तस्संच. यातली कोणती पुसायची?

“आणि हा रकाना राहिलाच,” थोरवे म्हणाले. “आईचा प्रकार. अभिमानी की थकलेली? एकच लिहा.”

कुंदानं पेन उचललं. ते टेकायच्या आत टेबलापुढे दोन कुंदा उभ्या होत्या.

“माझी पोर सोन्यासारखी आहे,” एक म्हणाली.

“मला झोप हवी,” दुसरी म्हणाली.

थोरवे खुर्चीत मागे रेलले. “आता पंचाईत आली. सही एकाच आईची चालते. आधी तुमच्यातली एक रद्द करावी लागेल.”

“करा मग,” दोघी म्हणाल्या.

“त्याला तुमच्या आईची सही लागते. आहेत का?”

“वारली.”

“मग प्रकरण पुढे जात नाही.” त्यांनी कागदावर ‘प्रलंबित’ असा शिक्का मारला. “निकालापर्यंत चौघींनी आहे तसंच राहायचं.”

चौघी रिक्षानं घरी आल्या. रिक्षावाल्यानं जादा सवारी म्हणून कुरकुर केली, पण आणलं.

दुपारची जेवणं झाली. थकलेली कुंदा भांडी घासायला उठली, तर दुसरीनं तिच्या हातातून काथ्या काढून घेतला. थकलेली आत जाऊन आडवी झाली. डोळा लागतो न लागतो तोच पलीकडच्या खोलीतून हाक आली, “आई!” ती धडपडत उठून बसली.

“पडून राहा गं,” दुसरी दारातून जाता जाता म्हणाली. “मी आहे ना.”

हे तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिला रडू आलं. थोडा वेळ ती रडली, मग कुशीवर वळली आणि दिवेलागणीपर्यंत झोपली.