फक्कीची रेष

वडापावच्या गाडीवर दोघं एकदम पोचले की पेणकरकाका कमरेत वाकतात, एक डोळा मिटतात आणि निकाल देतात, "छाती आधी यांची. नोट पुढे केली म्हणून कोणी पहिलं येत नाही." अशा वेळी नेमका मी त्यांच्या शेजारी असतो. धरणी पोटात घेईल तर बरं, असं होतं.

काका आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. काका बेने इस्रायली ज्यू; भावंडं एकेक करून इस्रायलला गेली. हे पनवेल सोडायला तयार नाहीत. सोसायटीच्या सव्वीस जानेवारीच्या शर्यतीचे ते कायमचे पंच. नेमलं कोणी, ते कोणालाच आठवत नाही. फक्कीची रेष स्वतः आखतात. हात किंवा डोकं रेषेपलीकडे गेलं तर चालत नाही, छातीच जावी लागते. एकदा दोन मुली अगदी बरोबरीने आल्या. काका म्हणाले, "दोघी पहिल्या. पुढची तिसरी. दुसरी कोणीच नाही." सेक्रेटरी कावले, "अहो काका, मग दुसऱ्या नंबरच्या कपात मी काय, लोणचं घालू?"

"घाला की," काका म्हणाले.

यंदा चाळिशीपुढच्यांच्या शर्यतीत बायकोने माझंही नाव घातलं. वडाळे तलावाला दोन फेऱ्या. पहिल्याच फेरीत सगळे माझ्यापुढे गेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले जोशीसुद्धा. काठावर कोणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या फेरीत गुपचूप गल्लीत वळलो, रिक्षा केली आणि घर गाठलं.

आंघोळ करून पोहे खात होतो, तर सेक्रेटरींचा फोन. "अहो, आहात कुठे? बक्षिसं अडलीत! काका म्हणतात, एक माणूस अजून तलावावर आहे, तो आल्याशिवाय निकाल नाही."

"त्यांना सांगा, मी सोडली."

"मी नाही बाबा सांगणार. तुम्हीच या."

गेलो. अख्खी सोसायटी उन्हात खुर्च्यांवर ताटकळली होती. काका रेषेवर उभे. मी मान खाली घालून म्हणालो, "काका, मी रिक्षाने घरी गेलो."

वाटलं, कीव करून शेवटचा नंबर तरी देतील.

"मग तुला नंबर नाही," ते म्हणाले. "शेवटचे जोशी. ते पूर्ण धावलेत."

लोक हसले. माझे कान तापले. निघणार तेवढ्यात काका हळूच म्हणाले, "सोडायची तर सोड, पण सांगून जा रे. शाळेत असताना आमची कर्नाळ्याला शर्यत होती. मी शेवटचा. पोचलो तर तिथे कोणी नाही, रेषही गुरांनी तुडवलेली. संपली कुठे तेच कळेना. मग तसाच धावत राहिलो, बराच पुढे."

मी खाली बघितलं. इतकी माणसं धावून गेली होती, तरी रेष कोरी करकरीत होती. माझ्यासाठी त्यांनी ती पुन्हा आखली होती. ओलांडायचा धीर झाला नाही. वळसा घालून गेलो आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसलो.