पाच मुळ्यांची परतफेड

कुराहाशी मोरिओ जपानमधल्या मात्सुयामा शहराच्या पाणीपुरवठा खात्यातून अडतीस वर्षांनी निवृत्त झाले, आणि त्याच दिवशी त्यांच्या बायकोची, योशिएची, नोकरी सुरू झाली. ती मंडईत निघाली की हे पिशवी धरून मागे. दाताच्या डॉक्टरकडे गेली की हे बाहेरच्या बाकावर. तिच्या फुलांच्या मांडणीच्या वर्गालाही एकदा गेले आणि तिथल्या झाडून सगळ्या बायकांना "तुमच्याकडे पाण्याचा दाब कसा आहे?" असं विचारून आले. (पुढच्या आठवड्यात चौघींनी वर्ग सोडला. त्याचा आणि दाबाचा काही संबंध नव्हता म्हणे!)

चौथ्या महिन्यात योशिएने हात टेकले. तिने त्यांच्यापुढे टॅब्लेट ठेवला.

"हे बघा, हे 'निवांत बेट'. गाव खोटं, पण माणसं खरी. घर घ्या, शेत करा, गप्पा मारा. आणि एक मित्र जोडा. एकच! माझी पुढची तीस वर्षं तुमच्या हातात आहेत."

"पण तिथे माझ्याशी कोण बोलणार गं?"

हे मात्र त्यांनी अगदी आतून विचारलं होतं. ऑफिसातली माणसं ऑफिसातच राहिली होती. निवृत्तीनंतर एकाचाही फोन आला नव्हता, आणि ते त्यांना फार लागलं होतं.

बेटावर काय घालून जायचं हे ठरवण्यात त्यांची एक सकाळ गेली. पंख होते, शिंगं होती, चिलखतं होती. त्यांनी राखाडी सूट आणि टाय निवडला. मग घर मिळालं, मूठभर बी मिळालं, वाफ्यात पाच मुळे आले. दुसरा कुणी असता तर विकून मोकळा झाला असता. पण नव्या घरात राहायला आलेल्या सभ्य माणसाने आधी काय करायचं असतं? समोरची तीन घरं आणि शेजारची दोन, दारोदार जाऊन वाकायचं, काहीतरी छोटंसं हातात ठेवायचं. जपानी रीत टॉवेल द्यायची. बेटावर टॉवेल मिळेनात, म्हणून कुराहाशींनी मुळ्यांना लाल फिती बांधल्या.

पहिल्या दारात एक भलंमोठं अस्वल उभं होतं. कुराहाशी त्याच्यापुढे कमरेत वाकले. "मी नवीन. माझा त्रास होईल, सांभाळून घ्या."

"अहो, कशाला, कशाला!" म्हणत अस्वलही वाकलं. (जरा उशिरा वाकलं. वाकायचं बटण बेटावर आजवर कुणी वापरलंच नव्हतं, ते त्याला शोधावं लागलं.)

पुढच्या दारात पंखवाली लिंबूपरी होती. "अशी माणसं राहिली नाहीत हो हल्ली!" ती म्हणाली, आणि कुराहाशींची छाती टायसकट फुगली.

"योशिए, पाच!" जेवताना त्यांनी जाहीर केलं. "तू एक सांगितला होतास, मी पाच जोडले!"

दुसऱ्या दिवशी दारात अस्वलाकडून कंदील आला होता, लिंबूपरीकडून लाकडी बाक. बाकीच्या तिघांनीही काही ना काही ठेवलं होतं.

"मुळ्याला बाक? छे छे! असं अंगावर ठेवून कसं चालेल?"

ते कंबर कसून राबले आणि पाचही घरी टेबलं धाडली. टेबलांच्या बदल्यात पवनचक्क्या आल्या. आता कुणीतरी थांबायला हवं होतं, पण आधी थांबणार कोण? जो थांबेल तो माणसातून उठला! अस्वल रात्रंदिवस मासे धरू लागलं. लिंबूपरी पंख मिटून लाकडं फोडू लागली. कुराहाशींच्या अंगणात तीन कारंजी, दोन मनोरे आणि एक आकाशपाळणा जमला. स्वतःच्या दारापर्यंत जायला वाट उरली नाही, तेव्हा ते आठवडाभर फाटकाबाहेरच उभे होते.

"आज लिंबूपरी म्हणाली, तुमचा उत्साह बघून थक्क व्हायला होतं, माझी तर पाठच धरली. बघ, किती कौतुक!"

"अहो, कौतुक कसलं? बोंब आहे ती!"

"तुला त्यातलं काही कळत नाही."

गुरुवारी सकाळी त्यांनी टॅब्लेट उघडला तर समोरची तीन घरं नव्हती. शेजारची दोनही नव्हती. नुसतं गवत, आणि गवतावर निरोपाच्या पाच भेटी.

"योशिए, गेले गं. पाचही गेले." त्यांचा आवाज फाटला. "मी काय वाईट केलं? मी तर देतच होतो ना?"

योशिएला हसू फुटत होतं, पण त्यांचा चेहरा बघून तिने ते आवरलं. "सरका," ती म्हणाली.

तिने दोन मिनिटांत आपलं माणूस तयार केलं (कपड्यांकडे बघितलंसुद्धा नाही) आणि बेटाच्या मागच्या किनाऱ्यावर पाचही घरं हुडकून काढली. दारात जाऊन ती वाकली.

"मी त्या मुळेवाल्यांची बायको. माफ करा हो. मनाने वाईट नाहीत ते, फक्त थांबता येत नाही."

"त्यांना सांग की मी..." कुराहाशी तिच्या खांद्यावरून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

"खरं सांगू, वहिनी?" अस्वलाने लिहिलं. "मी कामावर रजा टाकून मासे धरले."

"आणि माझे यजमान विचारत होते," लिंबूपरीने लिहिलं, "तू हल्ली लाकूडतोड्याकडे कामाला जातेस का?"

योशिए खो खो हसत सुटली. कुराहाशींना आठवेना, ती अशी शेवटची कधी हसली होती.

त्या दिवसापासून टॅब्लेट तिच्याकडे गेला. हे शेजारी बसून मान लांब करत.

"माझी चौकशी केली का?"

"केली ना. बरे आहेत का, विचारत होते."

"मग येऊ का मी?"

"इतक्यात नको."

महिन्याभरात पाचही जणांनी बेप्पूला गरम पाण्याच्या झऱ्यांवर प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं, आणि योशिएने बॅग भरली.

"मी बॅग धरायला येतो."

"जागा सहाच आहेत," योशिए म्हणाली आणि बोटीत बसली.

कुराहाशी तीन दिवस घरात एकटे राहिले. भात, अंडं, भात, अंडं. दाराची घंटा एकदा वाजली, तीही चुकून.

योशिए परतली ती गालांवर लाली घेऊन, हातात यूझू लिंबाच्या वड्यांचा डबा. "तुमच्यासाठी आहे. पाचही जणांकडून."

डब्यावर चिठ्ठी होती: 'कुराहाशीसान यांना, मनापासून. मुळा छान होता. याची परतफेड अजिबात करू नये, ही आम्हा पाचांची कळकळीची विनंती.'

त्यांनी ती दोनदा वाचली. डोळे भरून आले. आपल्याला कुणी विसरलं नव्हतं!

"किती सालस माणसं गं! स्वतः देतात, आणि वर नको म्हणतात! अशांना तर काहीतरी पाठवायलाच हवं." ते लगबगीने कागद-पेन घेऊन बसले. "सांग बघू त्यांचे घरचे पत्ते."

"पत्ते आहेत माझ्याकडे," योशिए चहा ओतत म्हणाली. "पण तुम्हाला सांगायचे नाहीत, या अटीवरच दिलेत त्यांनी."