वाघाला हरीण चालत नाही

बाळांनो, एका जंगलात एक वाघ शिंकत होता.

नुसता शिंकत असता तर गोष्ट कशाला झाली असती? तो ऐन वेळी शिंकायचा. गवत फुलोऱ्यावर आलेलं, वाघ त्यात पोट टेकून दबा धरून बसलेला, समोर चितळांचा कळप. आता झेप घेणार, तोच नाकात काहीतरी हुळहुळायचं आणि अशी शिंक यायची की चितळं पार टेकडीपलीकडे. पुढे पुढे तर चितळं पळायचा कंटाळा करू लागली. शिंक ऐकायची, मान वर करायची आणि चार पावलं सरकून पुन्हा चरायला लागायचं.

वाघाची पुरती अब्रू गेली. त्याने डॉक्टर साळोबाला बोलावणं धाडलं.

साळोबा म्हणजे साळिंदर. जंगलात त्याच्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्याने अ‍ॅलर्जीवर संशोधन केलं होतं. ज्या पदार्थाचा संशय, त्याचा अर्क पानाच्या द्रोणात काढायचा. आपल्याच पाठीचा एक काटा उपटून त्यात बुडवायचा, रोग्याला टोचायचा आणि रोग्याला झाडाखाली बसवायचं. टोचलेली जागा लाल होऊन फुगली, की तो पदार्थ जन्मभर बंद. उपकरणं अंगावरच उगवत असल्यामुळे दवाखाना भलताच किफायतशीर होता.

वाघाच्या पंजावर साळोबाने तीन काटे टोचले. एक हरणाचा, एक डुकराचा, एक नीलगाईचा. तिन्ही जागा टम्म फुगल्या.

साळोबा गंभीर झाला. गंभीर होणं त्याला छान जमायचं. "महाराज," तो म्हणाला, "डुक्कर आणि नीलगाय तर तुम्हाला चालतच नाही. पण हरणाचं नावसुद्धा काढू नका."

आता वाघ कुणाच्या बापाला भिणारा नव्हता. पण बाळांनो, डॉक्टर गंभीर झाला की भलेभले गार पडतात. वाघाने मुकाट्याने पथ्य धरलं आणि डोहावर मासे पकडायला बसला.

झालं. राजाला अ‍ॅलर्जी आहे म्हटल्यावर प्रजा मागे कशी राहील? दवाखान्यापुढे ही रांग लागली. अस्वलाला मध निघाला, माकडांना आंबा निघाला, खारीला बिया निघाल्या. मोराला एकच काहीतरी निघालं म्हणून तो दिवसभर पिसारा मिटून रुसून बसला. लग्नं जुळवताना मुलीकडचे आधी विचारू लागले, मुलाला काय काय चालत नाही? ज्याला सगळंच चालतं, तो अडाणी घराण्यातला.

एका दुपारी एक वानरीण आली. तिच्या सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या. पण तिच्या जावेला तिच्यापेक्षा एक जास्त निघाली होती आणि त्या दुःखाने तिला अन्न गोड लागत नव्हतं. आणखी एक काढा म्हणून ती हटून बसली. अर्क तर सगळे संपलेले. तिला कटवायला साळोबाने ओढ्याच्या साध्या पाण्यात काटा बुडवला आणि टोचला.

जागा फुगली.

"मला पाण्याची आहे," म्हणत वानरीण उड्या मारत जावेकडे गेली. साळोबा मात्र मटकन खाली बसला. त्याने पाण्याचा काटा स्वतःच्या नाकाला टोचला. नाक फुगलं. मग कोरडाच काटा टोचला. नाक आणखी फुगलं. दोष पदार्थात नव्हता, काट्यातच होता. जो तो फुगत होता तो टोचल्यामुळे. आधी नुसतं पाणी टोचून बघावं, हे संशोधनाचं पहिलं पथ्य. शहाण्याने तेवढंच पाळलं नव्हतं.

मग वाघाच्या शिंकांचंही कोडं सुटलं. वाघ शिंकायचा तो फक्त गवत फुलायच्या दिवसांत. फुलोऱ्याची ती बारीक धूळ, ते परागकण, त्याच्या नाकात जात होते. हरणाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

साळोबा गर्विष्ठ होता, पण खोटारडा नव्हता. चूक कबूल करायला तो सुजलेलं नाक घेऊन तसाच वाघाच्या गुहेकडे निघाला. वाटेत चितळांचा कळप भेटला. बुंदी नावाच्या चितळीच्या पाडसाचं बारसं होतं. साळोबाला मानाच्या जागी बसवलं गेलं. पाडसाचं नाव साळोबाच ठेवलं होतं.

"डॉक्टरदादा," बुंदी म्हणाली, "हे माझं चौथं. पण बारशापर्यंत पोचलेलं हे पहिलंच."

साळोबाला रडू आलं. पाडस त्याच्या पायाशी धडपडत उभं राहत होतं. घुगऱ्या खाऊन तो गुपचूप घरी परतला.

पण नशीब कसं असतं बघा. दुसऱ्याच दिवशी वाघ स्वतः दवाखान्यात हजर. मासे खाऊन खाऊन तो पार वैतागला होता. "डॉक्टर," तो म्हणाला, "घुबडमास्तर सांगतात, टोचून कळतं ते अर्धंमुर्धं. खरी परीक्षा म्हणजे डॉक्टरांसमोर खाऊन बघणं. तर खाऊन बघू या. कालच बारसं झालंय ते पाडस पुरे."

घुबडमास्तरांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, हीच तर पंचाईत. खरं बोलावं तर पाडस जाणार, खोटं बोलावं तर शास्त्र जाणार. क्षणभर साळोबाला शास्त्राचं वाईट वाटलं.

"जरूर," तो म्हणाला. "पण ही परीक्षा थोडं थोडं देऊन घेतात, महाराज. पहिल्या दिवशी हरणाचा फक्त एक केस. आणि जागा मी ठरवणार."

जागा ठरली कुरणाच्या मधोमध. गवत गळ्याइतकं उंच, फुलोरा भरात, वारा सुटलेला. सगळं जंगल बघायला लोटलं. लांब टेकडीवर बुंदी पाडसाला पोटाशी घेऊन उभी होती. साळोबाने पानावर एक केस ठेवला. वाघाने तो हुंगायला लांब श्वास घेतला.

मग जे झालं ते काय सांगू? वाघ शिंकला. पुन्हा शिंकला. शिंकत शिंकत गोल फिरला. डोळे सुजले, नाक वाहू लागलं आणि शेवटच्या शिंकेला तो उताणा पडला. घुबडमास्तरांनी जाहीर केलं की अशी निर्विवाद परीक्षा त्यांनी हयातीत पाहिली नव्हती. टेकडीवर बुंदी पाडसाला चाटत सुटली.

वाघ कसाबसा उठला. "एका केसाने ही गत," तो हुंदके देत म्हणाला, "मग अख्खं पाडस खाल्लं असतं तर? डॉक्टर, तुम्ही माझा जीव वाचवलात." आणि साळोबा नको नको म्हणत असताना त्याने त्याला कडकडून मिठी मारली.

वाघाची छाती जागोजागी टम्म फुगली.

साळोबाने ती नीट तपासली. मग तो पुन्हा एकदा गंभीर झाला.

"महाराज," तो म्हणाला, "तुम्हाला डॉक्टरही चालत नाही."

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं, बाळांनो. फक्त बोलण्याआधी समोरच्याचे दात मोजून घ्यावेत, आणि तेही लांबूनच.