खांब क्रमांक सात सुस्थितीत आहे

आबासाहेब निवृत्त वायरमन. छत्तीस वर्षं वीज खात्यात खांबावर चढले-उतरले आणि एवढ्या काळात त्यांना एकही मेमो मिळाला नाही. घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर ही गोष्ट ऐकावीच लागे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पांढरी चारचाकी घेतली, घराण्यातली पहिली. आता तालुक्याच्या गावात चारचाकी घेतली आणि फ्लेक्स लागला नाही, तर गाडी मागून आणली असं समजतात. म्हणून मित्रमंडळाने रीतसर पिवळाधमक फ्लेक्स केला. वर आबासाहेब, डोळ्यांवर गॉगल, शेजारी गाडी. खाली एकवीस शुभेच्छुकांचे चेहरे.

हे तालुक्याचं गाव कोणतं ते सांगत नाही. सांगितलं तर त्या गावाला राग येईल आणि शेजारच्या गावाला वाटेल, आपल्याला कसं वगळलं.

फ्लेक्स लागून नऊ दिवस झाले आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास दूध डेअरी चौकात ती गाडी ठोकली गेली. आबासाहेब पत्नी मनकर्णाबाईंना घेऊन नांदूरघाटला, त्यांच्या माहेरी निघाले होते. गावचे पुढारी रामेश्वरभाऊ यांची काळी जीप उलट्या बाजूने आली आणि डाव्या दारावर आदळली. मनकर्णाबाईंचा हात मनगटात मोडला. आबासाहेब बायकोला घेऊन दवाखान्यात गेले आणि भाऊ सरळ पोलीस ठाण्यात गेले. चूक झाली ती इथे. शहाणा माणूस आधी ठाण्यात जातो, हाड नंतरही बसवता येतं.

दुपारी प्लॅस्टर घालून दोघं ठाण्यात पोचली तेव्हा गुन्हा दाखल झाला होता. आरोपी आबासाहेब, जखमी मनकर्णा. भरधाव वाहन चालवून स्वतःच्या पत्नीच्या दुखापतीस कारणीभूत.

"मंजी माझा हात ह्यांनी मोडला?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"फक्त कागदावर," हवालदार सुंदरराव समजुतीने म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका."

"आवो, छत्तीस वर्सांत ह्या मानसाची माझ्यापुढं आवाज चढवायची हिंमत झाली न्हाई. हात कुटला मोडतो!"

"ताई, ते तुमचं घरगुती हाय. आमाला पुरावा लागतो. चौकात खांब नंबर सातवर कॅमेरा हाय, त्याचं फुटेज आना. भाऊंची चूक दिसली की गुन्हा फिरवतो."

आबासाहेबांना बरं वाटलं. माणसं घाबरतात, फिरतात, विकली जातात; यंत्राला भाऊ कोण आणि आबा कोण. ते त्याच पावली नियंत्रण कक्षात गेले. तिथे मोहिनी मॅडम बसत. भिंतीवर सोळा पडदे होते आणि मॅडमची पाठ त्यांच्याकडे होती, कारण खिडकी दुसऱ्या बाजूला होती.

"पोलीस ठाण्याचं पत्र आणा," मॅडम म्हणाल्या.

पोलीस ठाणं म्हणालं, फुटेज अस्तित्वात आहे असं कक्षाने आधी लेखी कळवावं. कक्ष म्हणाला, अस्तित्वात आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कळवता येत नाही आणि परवानगीशिवाय पाहता येत नाही. परवानगीच्या अर्जात घटनेची वेळ तास, मिनिट, सेकंद अशी हवी होती.

"साडेधाच्या सुमारास," आबासाहेबांनी सांगितलं.

"सुमारास चालत नाही. नेमकी वेळ लागेल."

"ती कुटं मिळंल?"

"फुटेजमध्ये असते ना," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, हेच खरं भयंकर होतं.

मग कोणीतरी माहिती अधिकाराचा अर्ज सुचवला. त्याचं उत्तर तीस दिवसांत मिळतं आणि फुटेज पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मात्र आबासाहेबांचं नशीब जोरावर होतं. पुसण्याची यंत्रणा वर्षभरापासून बंद होती आणि तिच्या दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेलेला होता. सरकारचं एक काम झालं नाही म्हणून आबासाहेबांचं काम शिल्लक राहिलं.

एकतिसाव्या दिवशी उत्तर आलं. फुटेज देण्यास हरकत नाही. तथापि त्यात इतर व्यक्तींचे खासगी जीवन दिसण्याची शक्यता असल्याने, त्या वेळी चौकात हजर असलेल्या प्रत्येकाचं ना-हरकत पत्र जोडावं. आबासाहेब म्हणजे जिद्दीचा माणूस. वादळात पडलेली लाईन रात्रीतून उभी करणारा. त्यांनी चौक पिंजून काढला. चहाच्या टपरीवर त्या दिवशी त्यांच्याच मित्रमंडळाचे लोक बसलेले होते. त्यांनी ना-हरकतीवर चटाचटा सह्या ठोकल्या.

सटवा धनगर त्या वेळी अठ्ठावीस शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होता. त्याला गाठायला आबासाहेब धारूरच्या डोंगराला जाऊन आले आणि त्याला ठाण्यात घेऊन आले.

"सायेब, मी डोळ्यानं बगितलंय," सटवा सुरू झाला. "काळी जीप उलटी आली, ह्यांची गाडी तर माझ्या शेळ्यांसाठी थांबलेली हुती..."

"तुला कोन इचारलं बे?" सुंदरराव ओरडले. "तू फक्त ना-हरकत दे. आन् शेळ्यांची येगळी दे."

शेवटी राहिले रामेश्वरभाऊ. ज्याच्या विरुद्ध पुरावा काढायचा त्याचीच परवानगी! आबासाहेब छातीवर दगड ठेवून गेले. भाऊंनी खुर्ची दिली, चहा पाजला, कागद न वाचताच सही केली आणि पाठीवर हात ठेवला.

"बगा आबा, मन भरून बगा. आमी कावून अडवू?"

भाऊ इतके हसत का होते, हे आबासाहेबांना त्या दिवशी कळलं नाही.

पुढच्या सोमवारी पेनड्राइव्ह आला. ठाण्यातल्या पडद्यासमोर सगळे जमले. सुंदररावांनी सोबतचं प्रमाणपत्र वाचून दाखवलं: "खांब क्रमांक सात. कॅमेरा सुस्थितीत. चित्र स्पष्ट. वाहतूक सुरळीत. सदर चौकात अपघात निरंक." मग त्यांनी बटण दाबलं.

पडदा पिवळा झाला.

पिवळाच राहिला. साडेदहा वाजले, पिवळा. वारा आला की पिवळा थोडा हलायचा. मध्येच ब्रेकचा आवाज यावा तसं सगळ्यांनी अंग आखडलं, पण कॅमेऱ्याला आवाज ऐकू येत नव्हता. पावणेअकराच्या सुमारास ढग सरला, समोरून ऊन पडलं आणि त्या पिवळ्यात हळूहळू एक आकृती उमटली. मिशी. गॉगल. शेजारी चारचाकी.

"आगं बया," मनकर्णाबाई म्हणाल्या, "हे तर तुमीच!"

आबासाहेबांना फ्लेक्स लावला तो दिवस आठवला. मंडळाच्या पोरांना खांबावर चढता येईना म्हणून ते स्वतः चढले होते. छत्तीस वर्षांची सवय. वर एक पांढरी डबी मध्ये मध्ये येत होती. फ्लेक्सला सुरकुती पडू नये म्हणून त्यांनीच तो तिच्यावरून ताणून, चार गाठी मारून पक्का बांधला होता. गाठ त्यांची होती, म्हणजे वादळातही सुटणारी नव्हती.

आणि तेव्हापासून कक्षातल्या सोळापैकी एक पडदा रोज पिवळा होता आणि रोज नोंद होत होती: चित्र स्पष्ट, वाहतूक सुरळीत. फ्लेक्सवर खरोखरच वाहतूक सुरळीत होती. एकच गाडी आणि तीही उभी.

"आता ह्या सटवाचा जबाब तरी घ्या," आबासाहेब काकुळतीला आले. "त्यानं बगितलंय."

"घेऊ की," सुंदरराव म्हणाले. "पन तो त्या टायमाला चौकात हुता ह्याला पुरावा काय? फुटेज आना."

मग आबासाहेब टपरीवर गेले. एकवीस शुभेच्छुकांपैकी नऊ जण त्या सकाळी तिथे होते. त्यांच्या ना-हरकती आबासाहेबांच्या पिशवीतच होत्या.

"हरिओम, तू तर जीप लोटायला धावला हुतास. साक्ष दे बाबा."

मंडळाचा अध्यक्ष हरिओम चहाच्या कपात बघत राहिला. "हुतो आबा, न्हाई मनत न्हाई. पन बगितलं न्हाई. तुमचा फ्लेक्स आडवा आला."

मनकर्णाबाईंनी मोडका हात गळ्यात अडकवून स्वतःचा जबाब द्यायची तयारी दाखवली. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की जखमी स्त्री आरोपी पतीच्या दबावाखाली असू शकते. त्या दिवशी त्या माउलीने ठाण्याच्या पायरीवर बसून जे हसणं सुरू केलं, ते रडण्यात कधी गेलं हे तिलाही कळलं नाही. आबासाहेब शेजारी बसून राहिले. आठ दिवसांनी त्यांना टपालाने सरकारी कॅमेरा झाकल्याबद्दल नोटीस आली. छत्तीस वर्षांत न मिळालेला मेमो निवृत्तीनंतर घरपोच मिळाला.

ते लगेच चौकात गेले, खांबावर चढले आणि आपल्याच हाताच्या चारही गाठी दाताने सोडल्या. पांढरी डबी मोकळी झाली. त्या दिवशी दूध डेअरी चौक सरकारला फ्लेक्स लागल्यापासून पहिल्यांदा दिसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दिसत राहिला.

सकाळी तिथे नवा फ्लेक्स लागला. रामेश्वरभाऊंचा वाढदिवस. मधे भाऊ, शेजारी काळी जीप, दुरुस्त होऊन आलेली. खाली तेच एकवीस शुभेच्छुक, तेच फोटो. फक्त बाविसावा चेहरा नवा आहे, खालच्या ओळीत, उजवीकडून तिसरा. फार जवळ जाऊन बघायची गरज नाही, वाचकहो. भाऊंच्या माणसाचा फोन आला तेव्हा तुम्हीच पाठवलेला फोटो आहे तो.